भावाचं कर्ज, नादारीचा अर्ज आणि सांगली कोर्टातले हेलपाटे

आमच्या अण्णांना 'नादारी' हा शब्द माहीत होता तो शाळेतला. त्यांच्या वेळी गरिबाच्या पोराला फी माफ व्हायची तिला नादारी म्हणायचे, अर्ज करायचा, हेडमास्तर सही करायचे आणि पोराचं वर्ष निघायचं. त्यामुळं जेवताना मी जेव्हा म्हटलं की धाकट्याचा नादारीचा अर्ज करायचा विचार चाललाय, तेव्हा त्यांना आधी कळलंच नाही, ते म्हणाले फी कुणाची माफ करायची आहे. मग मी दिवाळखोरी हा शब्द उच्चारला आणि त्यांनी हातातला घास तसाच ताटात ठेवला.

हे सगळं लिहायला मला वेळ लागला कारण भावाची परवानगी हवी होती, ती आता मिळालीय. तो म्हणाला, अक्का, नाव घालू नको पण बाकी सगळं लिही, कुणाच्या तरी कामाला येईल. कारण आमच्या वेळी सांगणारं कुणी नव्हतं. कर्ज अंगाशी आलं की आपल्याकडं सल्ले ठरलेले, फोन बंद ठेव, घर बायकोच्या नावावर कर, थोडे दिवस पुण्याला जाऊन रहा. पण ह्यासाठी कायदा आहे, आपल्याच जिल्ह्याच्या कोर्टात अर्ज करता येतो, आणि दुसऱ्याचं दिवाळं निघालंय का हे घरबसल्या बघता येतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं आणि त्या उशिरानं आमचं खूप नुकसान झालं.

भावाचं कुपवाड एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं छोटं शेड, दोन वेल्डिंग मशीन, एक कटर, चार पोरं कामाला. पुण्याकडच्या एका कंपनीचं शेड उभारायचं काम मिळालं म्हणून त्यानं पतसंस्थेचं कर्ज काढलं, लोखंडवाल्याकडनं उधारीवर माल उचलला, काम पूर्ण करून दिलं, पण बिलातले १८ लाख अडकले ते अडकलेच. "पुढच्या महिन्यात बघू" असं वर्षभर चाललं. त्यात २०२१च्या जुलैमध्ये पूर आला, आमच्या शामरावनगरच्या घरात पाणी शिरलं आणि खालच्या कपाटातली बिलबुकं, चलनं, वह्या सगळं भिजलं. ती बिलबुकं आम्ही गच्चीवर दोरीला चिमट्यांनी वाळत घातली होती, वहिनीनं एकेक पान पातळ धोतराच्या कापडाखाली ठेवून इस्त्री फिरवली, कार्बनची निळी शाई पसरली होती पण आकडे वाचता येत होते. तेव्हा ती हे का करतेय हे कुणालाच समजलं नव्हतं, ती म्हणायची असू दे, टाकवत नाही. पुढं कोर्टात तीच पानं कामाला आली, ते सांगतेच.

आधी त्या कंपनीचं सांगते. भाऊ महिन्यातनं एकदा तिथं जाऊन बसायचा. एकदा माधवनगरच्या एका ओळखीच्या सप्लायरनं सहज विचारलं, "तुम्ही क्लेम टाकला का?" कसला क्लेम? तर ती कंपनी कधीचीच एनसीएलटीत गेलेली, म्हणजे कंपन्यांच्या दिवाळखोरीचं जे न्यायाधिकरण असतं तिथं, आपल्याकडच्या कंपन्यांसाठी ते मुंबईला आहे. भाऊ घरी आला आणि चप्पल न काढता पायरीवर बसून राहिला.

त्या रात्री मी पहिल्यांदा शोधायला बसले. केंद्राच्या कंपनी खात्याच्या वेबसाईटवर कंपनीचं नाव टाकलं की मास्टर डेटा फुकट बघायला मिळतो, त्यात कंपनीचं स्टेटस असतं, चालू आहे की दिवाळखोरी प्रक्रियेत आहे की अवसायनात, म्हणजे गुंडाळून विकायला काढलीय, आणि तिच्या मालमत्तेवर कुठल्या बँकांचा किती बोजा आहे तेही असतं. दुसरी वेबसाईट आयबीबीआयची, म्हणजे नादारी आणि दिवाळखोरी मंडळाची, हे मंडळ २०१६च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालं. तिथं प्रत्येक प्रकरणाची जाहीर सूचना असते, फॉर्म ए म्हणतात तिला. त्यात कंपनीचं नाव पत्ता, प्रक्रिया कुठल्या तारखेला सुरू झाली, काम बघणारा प्रोफेशनल कोण, त्याचा ईमेल, आणि घेणेकऱ्यांनी दावे कधीपर्यंत पाठवायचे ती तारीख. ही सूचना पेपरातही द्यावी लागते, एका इंग्रजी आणि एका स्थानिक भाषेतल्या. पण ती कंपनीचं ऑफिस आणि मुख्य कारभार जिथं असेल तिथल्या पेपरात येते, म्हणजे पुण्याच्या आवृत्तीत आली असणार, आमच्या घरी येतो सांगलीचा पेपर. आमच्या १८ लाखांची सूचना उघड्यावर, सगळ्या जगाला दिसेल अशी पडून होती आणि आम्ही कंपनीच्या गेटवर जाऊन वॉचमनला साहेब आलेत का विचारत होतो.

दाव्याला साधारण १४ दिवस असतात. उशीर झाला तरी ९० दिवसांपर्यंत दाखल करायची सोय तेव्हा होती. भावासारख्या माल किंवा काम देणाऱ्यानं फॉर्म बी भरायचा, बँकेनं सी, कामगारानं स्वतःपुरता डी. फॉर्मसोबत बिलं, चलनं, बँकेचं स्टेटमेंट जोडायचं, फी काही नाही. आम्हाला कळलं तेव्हा ह्या सगळ्या तारखा गेल्या होत्या आणि कंपनी वाचवायचा आराखडाही न्यायाधिकरणानं मंजूर केला होता. पुढं कोर्टात ज्या वकीलबाई मिळाल्या त्यांनी सांगितलं की सुप्रीम कोर्टानं १३ एप्रिल २०२१च्या निकालात स्पष्ट केलंय, आराखडा मंजूर झाला की त्यात नसलेले जुने दावे संपतात. संपतात म्हणजे संपतात. १८ लाख रुपये कुणी खाल्ले नाहीत, बुडवले म्हणून कुणाला शिव्या घालाव्यात तर तसंही नाही, फक्त एक फॉर्म वेळेत गेला नाही. मला अजूनही रात्री जाग आली की हेच आठवतं.

म्हणून ज्यांचा पैसा कुठल्याही कंपनीकडं अडकलाय त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, महिन्यातनं एकदा त्या दोन वेबसाईटवर नाव टाकून बघा, पाच मिनिटं लागतात.

व्यक्तीचं मात्र असं एका जागी सापडत नाही. एखादा व्यापारी, दुकानदार, शेजारी नादार झालाय का हे सांगणारी सगळ्या देशाची एक यादी आपल्याकडं नाही, तुकड्या तुकड्यानं शोधावं लागतं. सगळ्यात उपयोगाची ई-कोर्ट्सची वेबसाईट आणि ॲप. राज्य महाराष्ट्र, जिल्हा सांगली, मग कोर्टाचं संकुल निवडायचं, मग पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकायचं, चालू की निकाली ते सांगायचं. नावाचं स्पेलिंग ही खरी डोकेदुखी, एकच आडनाव तीन प्रकारे टाईप केलेलं असतं त्यामुळं तीन-चार प्रकारे टाकून बघायचं, आणि फक्त आडनाव टाकलं तर पाटलांची अख्खी पलटण समोर येते. केस सापडली की तिचा सोळा आकडी अक्षरी सीएनआर नंबर लिहून ठेवायचा, मग परत कधीही तारीख, आदेश, सगळं बघता येतं. नुसता दावा बघून थांबू नका, दरखास्त आहे का बघा. दरखास्त म्हणजे हुकूमनामा, म्हणजे पैसे द्या असा कोर्टाचा निकाल, झाल्यावर वसुलीसाठी केलेला अर्ज, ज्याच्यावर चार दरखास्ती चालू आहेत त्याला उधारीवर माल देताना माणूस दहादा विचार करेल. नादार ठरवल्याचा आदेश झाला की तो शासन राजपत्रात छापावा लागतो, नाव, पत्ता, आदेशाची तारीख, कोर्ट कुठलं, सगळं त्यात येतं. आणि प्रत्यक्ष कोर्टात जाऊन नक्कल विभागात अर्ज करता येतो, तिऱ्हाईत असलात तर कारण सांगावं लागतं. जमिनीवर बोजा आहे का ते सातबाऱ्याच्या इतर हक्कात दिसतं, हे तर आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं, पण सोयरिकीत जेवढा सातबारा बघतो तेवढा उधारी देताना बघत नाही आपण.

आता भावाची गोष्ट. कंपनीचे पैसे गेले हे पक्कं झाल्यावर त्यानं सांगणंच बंद केलं. फोन बंद, मागच्या बोळातनं घरी यायचा, गाडी लांब लावायचा, कुणी दारात आलं की वहिनीनं "बाहेर गेलेत" म्हणायचं. सावकाराची माणसं येऊन बसायची, त्यांच्यासमोर माझ्या भाचीनं पाणी नेऊन ठेवायचं, आठवीतली पोर. आणि मग लोखंडवाल्याच्या दरखास्तीत नोटीस आली की तुम्हाला दिवाणी तुरुंगात का ठेवू नये ते येऊन सांगा.

ती नोटीस घेऊन आम्ही विजयनगरला कोर्टात गेलो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस कोर्टाच्या आवारातच असतं. बाईमाणसाला तिथं फुकट वकील मिळतो, उत्पन्न किती का असेना, आणि पुरुषाला महाराष्ट्रात वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर, शिवाय अनुसूचित जाती जमातीच्या लोकांना वगैरे. भावाचं त्या वर्षीचं उत्पन्न दाखला काढण्याइतकंही नव्हतं. आम्हाला ज्या वकीलबाई मिळाल्या त्यांनी नोटीस वाचली, बाजूला ठेवली आणि भावाला आधी विचारलं, जेवलास का.

मग त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, पैसे नाहीत म्हणून कुणाला तुरुंगात घालता येत नाही, असून देत नसेल किंवा लपवत असेल तरच, हे सुप्रीम कोर्टानं १९८० सालीच सांगितलंय. आणि बाईला तर पैशाच्या हुकूमनाम्यात अटकच करता येत नाही. दुसरी, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ५५ कलमात लिहिलंय की असा ऋणको, म्हणजे कर्जदार, पकडून आणला तर कोर्टानंच त्याला सांगायचं की तू नादार ठरवून घ्यायला अर्ज करू शकतोस. म्हणजे कायद्यालाच वाटतं की ह्या माणसाला दार दाखवावं. आम्हाला मात्र तोवर कुणी दाखवलं नव्हतं.

इथं लोकांचा फार घोळ होतो म्हणून जरा सविस्तर लिहिते. २०१६चा जो नवा कायदा आहे, नादारी आणि दिवाळखोरी संहिता, त्यात व्यक्तींसाठी वेगळा भाग आहे, पण तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्या लोकांसाठी १ डिसेंबर २०१९पासून लागू केला. बाकी साध्या माणसाला तो लागू केलेलाच नाही. त्यात गरिबासाठी नव्यानं सुरुवात करायची एक सोय आहे, वर्षाचं उत्पन्न ६० हजारांच्या आत, मालमत्ता २० हजारांच्या आत, कर्ज ३५ हजारांच्या आत आणि स्वतःचं घर नसेल तर कर्ज माफ करायची. ती सोय कायद्याच्या पुस्तकात छापलेली आहे आणि आजपर्यंत तिचा एकाही माणसाला उपयोग झालेला नाही कारण ती सुरूच केलेली नाही. मला ह्याचा खरंच राग येतो. ३५ हजारांसाठी माणसं विहिरी जवळ करतात आपल्याकडं.

त्यामुळं सांगली, सातारा, कोल्हापूर, कुठंही, मुंबई सोडून, साध्या माणसाला अजून चालतो तो १९२०चा प्रांतिक नादारी कायदा. मुंबई शहराचा त्याच्याही आधीचा, १९०९चा वेगळा आहे. १९२०च्या कायद्यात अर्ज जिल्हा न्यायालयात करायचा, जिथं राहता किंवा धंदा करता तिथल्या. अट काय, तर देणी फेडता येत नाहीत आणि देणं किमान ५०० रुपये आहे, किंवा अटकेत आहात, किंवा मालमत्तेवर जप्ती आहे. ५०० रुपये! शंभर वर्षांत तो आकडा कुणी बदललेला नाही. घेणेकरीसुद्धा तुमच्याविरुद्ध असा अर्ज करू शकतो, पण त्याला दाखवावं लागतं की तुम्ही तीन महिन्यांत नादारीचं कृत्य केलंय. ही कृत्यं कुठली ते वकीलबाईंनी वाचून दाखवलं, घेणेकऱ्यांना चुकवायला मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर करणं, देणं थांबवतोय असं सांगणं, घर सोडून जाणं, कुणाला भेटता येऊ नये म्हणून तोंड लपवून राहणं. भाऊ खाली मान घालून ऐकत होता. मागचा बोळ, लांब लावलेली गाडी, सगळं त्या १९२०च्या कागदात लिहिलेलं होतं, म्हणजे शंभर वर्षांपूर्वीही कर्जात बुडालेला माणूस हेच करत होता.

घर वहिनीच्या नावावर करायचा सल्ला त्याला किमान दहा जणांनी दिला असेल, त्यातले दोघं शिकलेसवरलेले. वकीलबाई म्हणाल्या अजिबात नाही. नादारीच्या अर्जाच्या आधी दोन वर्षांत असं काही फुकटात दुसऱ्याच्या नावावर केलं असेल तर ते रद्द होऊ शकतं, आणि अर्जाच्या आधी तीन महिन्यांत एकाच घेणेकऱ्याला झुकतं माप द्यायचं म्हणून पैसे दिले तर तेही. मालमत्ता लपवणं, वह्या दडवणं हा गुन्हा आहे, वर्षभरापर्यंत शिक्षा आहे. शिवाय अर्ज एकदा केला की कोर्टाच्या परवानगीशिवाय मागं घेता येत नाही. त्यामुळं करायचा तर सगळं खरं सांगून करायचा.

मग यादी करायला बसलो. अर्जात प्रत्येक घेणेकऱ्याचं नाव, पत्ता, रक्कम लिहावी लागते आणि स्वतःच्या सगळ्या मालमत्तेची यादी, किमतीसकट, कुठं आहे त्यासकट. आमच्या स्वयंपाकघरात, रात्री साडेनऊला, एका जुन्या बिलबुकाच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूला. पतसंस्था ९ लाख, लोखंडवाला ४ लाख ६० हजार, हे पटपट झालं. मग पेन थांबलं. मी म्हटलं पुढं? त्यानं सावकाराचा आकडा सांगितला, वहिनी उठून गॅसपाशी जाऊन उभी राहिली, तिला निम्माच माहीत होता. मग मित्राचे ५० हजार, मग तिच्या भावाकडचे ३० हजार जे तिच्या भावानंही तिला सांगितले नव्हते, मग गॅस सिलिंडरवाल्याचे ११ हजार. पोरांचे दोन महिन्यांचे पगार. साडेअकरा वाजले. शेवटी बेरीज मी केली आणि मोठ्यानं वाचली, कारण वकीलबाईंनी तसं सांगितलं होतं, बेरीज एकदा घरात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा. २३ लाखांच्या वर होती. वहिनी एवढंच म्हणाली, "आता अजून कुणी न्हाई ना?" तो म्हणाला न्हाई. त्या रात्री तो बऱ्याच महिन्यांनी आमच्यासोबत बाहेरच्या खोलीत झोपला.

मालमत्तेच्या यादीत वहिनीला भीती होती मंगळसूत्राची. ते घेता येत नाही. दिवाणी संहितेच्या ६० कलमात जप्तीतनं वगळलेल्या गोष्टी आहेत आणि त्याच नादारीतही वगळतात, अंगावरचे लागतील तेवढे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, धर्माप्रमाणे बाईला अंगावरनं काढता येत नाही असा दागिना, कारागिराची अवजारं, शेतकऱ्याची औतं, बैल, बियाणं, त्याचं राहतं घर, पीपीएफचे पैसे. वेल्डिंगची मशीन कारागिराची अवजारं म्हणून वगळा असं आम्ही अर्जात मागितलं. घर अण्णांच्या नावावर होतं त्यामुळं तो प्रश्न आला नाही, पण भावाचं शेड पतसंस्थेला तारण होतं, आणि तारण असलेल्याचा हक्क नादारीनं जात नाही, तो तारण विकू शकतो. ते शेड गेलं. लिलावाच्या दिवशी मी भावाला घेऊन हरिपूरला संगमावर जाऊन बसले होते.

अजून काय जात नाही तेही सांगते, कारण लोकांना वाटतं नादारी म्हणजे पाटी कोरी. सरकारी देणं जात नाही, फसवणूक करून घेतलेलं देणं जात नाही, बायकोपोरांची पोटगी जात नाही. चेक बाउन्सची १३८ची केस फौजदारी, ती वेगळी चालते. आणि नादार ठरल्यावर डिस्चार्ज, म्हणजे त्या देण्यातनं सुटका, मिळेपर्यंत ग्रामपंचायतीलासुद्धा उभं राहता येत नाही, कंपनीत डायरेक्टर होता येत नाही, नादार आहे हे न सांगता ५० रुपयांची किंवा त्याहून जास्त उधारी घेतली तरी गुन्हा. मिळतं काय, तर सगळी मालमत्ता कोर्टाच्या किंवा कोर्टानं नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते, घेणेकऱ्यांनी एकेकट्यानं मागं लागायचं थांबतं, कोर्टाच्या परवानगीशिवाय त्यांना नवीन दावा करता येत नाही, आणि अटकेपासून संरक्षणाचा आदेश मागता येतो. सगळ्यांना जे असेल त्यातनं प्रमाणात. आणि शेवटी डिस्चार्ज.

डिस्चार्जच्या वेळी कोर्ट बघतं की मालमत्तेतनं रुपयाला आठ आणे तरी निघतात का, नाही निघत तर त्यात तुमचा दोष आहे का, मागच्या तीन वर्षांत वह्या नीट ठेवल्या होत्या का, फेडता येणार नाही हे माहीत असूनही धंदा रेटला का, सट्टा जुगार उधळपट्टी केली का. कायद्यात अजून आणेच आहेत. तिथं ती इस्त्री केलेली बिलबुकं आणि घरात पाणी शिरल्याचा पंचनामा जोडला. वकीलबाई एकेक पान उजेडाकडं धरून बघत होत्या, म्हणाल्या, हे कुणी केलं? वहिनीनं हात वर केला, वर्गात करतात तसा.

सावकाराचं वेगळं. तो विनापरवाना होता. त्याच्यासाठी २०१४चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा आहे, तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, ह्यांच्याकडं करायची. तक्रार दिल्यावर त्याची माणसं घरी यायची बंद झाली. भाची आता दार उघडायला घाबरत नाही, माझ्यासाठी तेवढंही खूप आहे.

आम्ही अर्ज केला २०२४च्या सुरुवातीला, अजून चालू आहे, तारखा पडतात. अपिलात जायची वेळ आली तर पूर्वी मुंबई गाठावी लागायची, आता १८ ऑगस्ट २०२५पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येता येतं. भाऊ सध्या दुसऱ्याच्या शेडमध्ये रोजावर काम करतो.

सगळ्यात अवघड काय होतं ते शेवटी लिहिते. जामीनदार. पतसंस्थेच्या कर्जाला आमच्याच गल्लीतले एक काका जामीन होते, अण्णांचे चाळीस वर्षांचे दोस्त, एसटीतनं रिटायर झालेले. आणि कायदा सांगतो की कर्जदार नादार ठरून सुटला तरी जामीनदार सुटत नाही, पतसंस्था त्यांच्या मागं लागणार, सहकार कायद्याच्या १०१ कलमाचा वसुली दाखला त्यांच्याही नावावर निघतो. सांगली-साताऱ्यात अर्धे लोक कुणाच्या ना कुणाच्या कर्जाला जामीन आहेत, सही करताना कुणाला हे माहीत नसतं, काकांनाही नव्हतं. मी म्हटलं होतं आपण वकिलांकडनं पत्र पाठवू. भाऊ म्हणाला नको, मी जातो.

मी सोबत गेले. काका पेपर वाचत बसले होते. भाऊ खाली जमिनीवर बसला आणि सगळं सांगितलं, अर्ज केलाय, शेड गेलंय, शेड विकून जे उरलंय ते तुमच्यावर येणार, मला कोर्टानं सोडलं तरी मी तुमचे पैसे महिन्याला जमतील तसे देणार. काकांनी पेपराची घडी घातली, परत उघडली, परत घातली. काकूंनी चहा आणून ठेवला, तो कुणी घेतला नाही. बराच वेळानं काकांनी विचारलं, "तारीख कधी हाय?"

त्या तारखेला आम्ही विजयनगरला पोचलो तर काका आमच्या आधीच येऊन बाकावर बसले होते, मांडीवर पिशवी, पिशवीत त्यांचं जामीनपत्र आणि पाण्याची बाटली. भाऊ जवळ गेला तसं त्यांनी सरकून जागा केली.